ओंजळभर पाला

हडपसरला मी ज्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते, त्यांच्या मागे मालकांची थोडी मोकळी जागा होती. एक आंबा, एक चिंच, बुजवलेली विहीर आणि घर बांधून उरलेल्या विटांची रास, एवढंच तिथे होतं. पलीकडे पूर्वी मालकांचा ऊस असायचा. आता तिथे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांतल्याच एकीत मी नोकरीला होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. त्यासाठी मला पगार मिळायचा, असा पगार की पहिल्या महिन्यात माझ्या वडिलांचा त्या आकड्यावर विश्वास बसला नव्हता.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वाशीमकडच्या एका लहान गावातून पुण्यात आले तेव्हा मला राहायला जागा दिली ती शनिवार पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकेने. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. पहिलं वर्ष मी त्यांच्याकडे राहिले. मुलाखतीला जाण्याआधी त्यांनी मला समोर बसवून इंग्रजीतली उत्तरं घोटून घेतली होती. "आवाज वर काढ. चोरी केल्यासारखी बोलू नकोस," असं त्या म्हणायच्या. आज मी जी काही आहे त्यातला मोठा वाटा त्यांचा आहे. हे मी त्यांना कधी तोंडावर सांगितलं नाही, कारण असं काही बोललं की त्या म्हणत, "झालं का? आता कुंड्यांना पाणी घाल."

बाईंच्या इमारतीला मोठी गच्ची होती आणि गच्चीभर कुंड्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे पाच-सहा घरांतली माणसं जमत आणि आपापल्या रोपांची देवघेव करत. खडकीचे एक काका यायचे. दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बुंध्याला पोट सुटलेली अडेनियमची झाडं वाढवणारे. कोथरूडचं एक तरुण जोडपं यायचं, त्यांची चार वर्षांची मुलगी घेऊन. शेजारच्या दोघी बहिणी यायच्या. कुणी जास्वंदीची फांदी आणायचं, कुणी ब्रह्मकमळाचं पान, कुणी नुसतीच खबर, की आमच्या खिडकीतल्या कुंडीत बुलबुलाने तीन अंडी घातली आहेत. रोप घेताना आभार मानायचे नाहीत, मानले तर रोप लागत नाही, अशी समजूत होती. बाईंचा आणखी एक नियम होता. पाल्याच्या खतात खुरपं घालायचं नाही. खुरप्याने गांडुळं तुटतात. खत हातानेच काढायचं, ओंजळीने, आणि प्रत्येकाला ओंजळीनेच वाटायचं.

मी दर वेळी सदाफुली घेऊन जायची. "वा, पुन्हा सदाफुली," बाई म्हणायच्या. "नाव सार्थ आहे हो."

हडपसरला राहायला गेल्यावर मात्र माझ्याकडे पहिल्यांदाच असं काही आलं, जे त्या गच्चीवर कुणाकडे नव्हतं. आंब्याचा आणि चिंचेचा पाला. वर्षानुवर्षं विटांच्या राशीच्या आडोशाला साचलेला, खाली काळा, वर करडा. पेठेतल्या माणसांना मूठभर पाला मिळवायला बागेच्या माळ्याला गळ घालावी लागायची. मी ठरवलं, जूनच्या रविवारी सगळ्यांना पोतंभर पाला न्यायचा. चांगला कुजावा म्हणून सबंध उन्हाळा मी त्या ढिगावर आंघोळीचं, धुण्याचं पाणी ओतत राहिले. मालकांची सगळी जागा रखरखीत तापलेली असायची आणि तेवढा एक कोपरा गार, ओला. आपण किती छान काम करतो आहोत, असं मला वाटायचं.

शनिवारी संध्याकाळी मी पोतं भरलं. मालकांचं घर लग्नाला गेलं होतं. मी वाकून दोन्ही हातांनी पाला उपसला, घमेल्यात भरला, पोत्यात ओतला. मातीचा वास इतका चांगला होता की मध्येच थांबून मी ओंजळ नाकाशी धरली होती.

लहानपणी आमच्याकडे चुलीसाठी पऱ्हाटीचा ढीग असायचा. कापूस वेचून झाल्यावर उरलेली ती वाळकी झाडं. त्यातली काडी ओढायला गेलं की आई घरातून ओरडायची, "पह्यले काठी आपट, मंग हात घाल." पऱ्हाटी असो, गोवऱ्या असोत की वैरणीची गंजी, आधी काठी आपटायची, थोडं थांबायचं, मग हात. दहावीपर्यंत मी हे रोज केलं होतं. पुण्यात येऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या शनिवारी मला काठीची आठवणही झाली नाही.

रविवारी सकाळी पोतं बसमध्ये चढवलं. कंडक्टर म्हणाला, "म्याडम, मंडईची गाडी मागनं येतीय." लोक हसले, मीही हसले. मनपाच्या थांब्यावर उतरून नदीवरचा पूल ओलांडला तो पोतं डोक्यावर घेऊनच. कंपनीतलं कुणी पाहील का, ही त्या दिवशीची माझी सर्वांत मोठी भीती होती.

गच्चीवर माझं स्वागत झालं. बाईंनी पोत्याचं तोंड सोडलं, कोपरापर्यंत हात आत घातला, मूठभर पाला वर काढला, बोटांनी चोळला आणि म्हणाल्या, "हे बघा, याला म्हणतात खत. नाहीतर आम्ही इतकी वर्षं चहाचा चोथा पुजतोय." त्यांनी असं कौतुक केल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग त्या ओंजळी भरभरून वाटू लागल्या. खडकीचे काका पिशवी धरून उभे राहिले. दोघी बहिणींनी आपापल्या डब्यात घेतला. कोथरूडच्या छोटीने पोत्यात डोकावून विचारलं, "आजी, यात गांडूळ आहे?"

"आहे की. घाल हात."

"चावेल?"

"गांडूळ? त्याला दात कुठे आहेत? घाल हात."

छोटीने हात घातला. खांद्यापर्यंत घातला. गाल पोत्याला टेकवून, डोळे मिटून तिने आत चाचपलं, आणि दोन गांडुळं आणि मूठभर पाला घेऊन वर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. तिने आपल्या वाट्याचा पाला वेगळ्या पिशवीत भरून घेतला, घरी गांडुळांचं घर करायचं म्हणून. उरलेलं अर्धं पोतं बाईंनी टाकीच्या सावलीत ठेवून दिलं.

मी अडेनियमचं रोप मांडीवर घेऊन दुपारी हडपसरला परतले. फाटकातून आत शिरले तर मागच्या बाजूला मालक फावडं घेऊन उभे. लग्नाहून नुकतेच आले होते. पुतण्याच्या नव्या खोलीसाठी विटा हलवायच्या म्हणून त्यांनी रास उचकटली होती.

"म्याडम, तिथंच थांबा," ते म्हणाले. "पुढं येऊ नका."

फावड्यापाशी दोन पिल्लं मरून पडली होती. वीतभर लांब, करंगळीपेक्षा बारीक. तपकिरी अंगावर साखळीसारखे गोल ठिपके, ओळीने.

"घोणस हाय," मालक म्हणाले. "मोठी त्या भोकात गेली आन् ही दोन घावली. परवा-कालचीच दिसत्यात."

"अंडी कुठे आहेत?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"ही अंडी घालत न्हाय. जिती पिल्लं देती."

"किती?"

"ईस. तीस. जादाबी." त्यांनी ढिगाकडे पाहिलं. "हितला पाला कुनी काढला?"

माझे हात मी समोर धरले होते आणि त्यांच्याकडे बघत होते.

"पिल्लांना विष असतं का मामा?"

"जन्मल्यापास्नं असतंय. मोठीपरीस कमी म्हनायचं कारन न्हाय."

त्यानंतरची दोन मिनिटं मला अजून लख्ख आठवतात. त्यांची मला लाज वाटते. मी उभी होते आणि मनात एकच विचार चालला होता, की सांगितलं नाही तर? कदाचित पोत्यात एकही पिल्लू नसेल. सांगितलं तर लोक म्हणतील, खेड्यातली मुलगी आली आणि पोत्यातून साप घेऊन आली. बाई काय म्हणतील? त्या गच्चीवर मला परत कोण बोलावेल? पुण्यात माझं म्हणावं असं तेवढंच एक ठिकाण होतं. मग डोळ्यांसमोर पोत्याला टेकलेला तो लहानसा गाल आला आणि मी मालकांच्या ओटीवरच्या फोनकडे धावले.

बाईंचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. चार वाजले होते. चारला बाई गच्चीवर असतात आणि फोन खाली घरात असतो, हे मला पक्कं माहीत होतं. चारला त्या कुंड्या भरतात. हाताने.

खडकीच्या काकांनी पहिल्याच घंटीला उचलला. मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. "पिशवी माझ्या दारात आहे. बांधलेली आहे," ते म्हणाले. "मी ती उघडत नाही. बहिणींना मी फोन करतो. कोथरूडला तू कर. आणि रडू नकोस, नंबर चुकेल."

कोथरूडचा फोन एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. दहा वेळा लावला असेल. त्या काळी घरात इंटरनेट सुरू केलं की फोन अडकून पडायचा. छोटीचा बाप माझ्यासारखाच कंप्युटरवाला, रविवारी दुपारी तासन्‌तास इंटरनेटवर असायचा. सकाळीच गच्चीवर तो कौतुकाने सांगत होता. मी कानाला लावून तो टूं-टूं आवाज ऐकत होते आणि त्या प्रत्येक टूंगणिक छोटी पिशवीची गाठ सोडते आहे असं मला दिसत होतं.

"चला," मालक मागून म्हणाले. त्यांनी लग्नाचा सदरा अंगावर तसाच ठेवला होता. एका हातात काठी, दुसऱ्यात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. "पुन्यात तुमाला काठी कोन देनार?"

त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी शनिवार पेठेत आले. वाटेत प्रत्येक सिग्नलला मी देवाला काहीतरी कबूल करत होते. काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही, फेडलंही नसेल.

जिने चढून गच्चीवर पोचले तेव्हा बाई एका मोठ्या कुंडीपुढे पाटावर बसल्या होत्या. दोन्ही हात मनगटांपर्यंत पाल्यात.

"हात बाहेर काढा!" मी ओरडले.

बाईंनी मान वळवली. "अरे वा. आवाज वर निघाला शेवटी."

"बाई, हात काढा. साप आहेत."

त्यांनी हात काढले. सावकाश, पाण्यातून काढावेत तसे. उठल्या आणि चार पावलं मागे सरकल्या. मालकांनी कुंडी आडवी केली. माती, पाला, गांडुळं. काठीने पसरून पाहिलं, काही नाही. मग त्यांनी टाकीच्या सावलीतलं पोतं काठीने ओढत उन्हात आणलं आणि दोन कोपरे धरून पालथं केलं. पाला भसकन फरशीवर पडला. आम्ही तिघं बघत राहिलो. उन्हाने पाला तापला तशी गोगलगाय हलली, एक गोम पळाली, गांडुळं वळवळली. काहीच निघालं नाही.

"न्हाय," मालक म्हणाले. मग सवयीने त्यांनी रिकामं पोतं झटकलं.

खालच्या शिवणीच्या घडीतून ते पडलं. वेटोळं करून बसलेलं, पेल्याच्या बुडाएवढं. उन्हाची धग लागताच सरळ झालं आणि त्याने एवढ्याशा अंगातून असा फुसकारा काढला की मालकही मागे सरकले. त्यांनी काठी उचलली.

"मारायचं नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या गच्चीवर नाही. त्याने काय केलंय? त्याला आणलंय."

मालकांनी पिल्लाला काठीने डब्यात लोटलं, झाकण दाबून बसवलं, वरून सुतळी बांधली. बाई आपल्या हातांकडे बघत होत्या. "सकाळपासून किती वेळा आत घातले मी हे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग एकदम वर पाहिलं. "आणि ती पोर?"

"फोन लागत नाही."

"मग इथे काय करतेस?"

कोथरूडपर्यंत तो डबा माझ्याकडे होता. दुसरीकडे ठेवायला जागाच नव्हती. मालक गाडी हाकत होते, काठी माझ्या काखेत, आणि दोन्ही हातांनी मी तो डबा अंगापासून जमेल तेवढा लांब धरला होता. आतून मधूनमधून खसखस ऐकू यायची. पत्रा पातळ होता. एक आहे म्हणजे आणखी असणार, हे मला कळत होतं. पोत्यात ते तळाशी होतं आणि छोटीने हात घातला होता खांद्यापर्यंत.

दार छोटीच्या आईने उघडलं. मी सांगितलं. ती वळली आणि आतल्या खोलीत धावली. छोटी झोपली होती. आईने तिला अंथरुणावरून उचललं आणि झोपेतच तिचे तळहात, बोटं, पाय, घोटे उलटसुलट करून बघत सुटली. बाप कंप्युटरपुढून उठला. "पण आम्ही तो पाला दुपारीच टबात ओतला," तो म्हणाला. "तिने स्वतः ओतला. हाताने."

बाल्कनीत प्लॅस्टिकचा टब होता. मालकांनी तो उपडा केला, पसरला, पुन्हा पसरला. गांडुळं होती. बाकी काही नव्हतं.

पण पिशवी दुपारी उघडली होती आणि आता साडेपाच वाजत आले होते. बाल्कनीचं दार उघडंच होतं. पिशवीत काही असेलच तर ते तेवढ्या वेळात टबात थांबलं असतं का? आम्ही चौघांनी ते घर पालथं घातलं. चपलांचा रॅक, खेळण्यांची टोपली, गाद्या, कपाटांखालची फट. मालक प्रत्येक ठिकाणी आधी काठी आपटत, थांबत, मग हात घालत. मी बघत होते, जागी झालेली छोटीही बघत होती. प्रत्येक आपटण्याला मला आईचा आवाज ऐकू येत होता. काही सापडलं नाही. नाही सापडलं म्हणजे नाही, असं कुणालाच म्हणता येईना. ती रात्र ते तिघं नातेवाइकांकडे राहिले. निघताना छोटीच्या आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि मला ते बरोबरच वाटलं.

परतताना मालकांनी कालव्यापलीकडच्या माळावर डबा उघडला. बाकीच्यांचा पाला खडकीच्या काकांनी स्वतः जाऊन उन्हात ओतला होता. कुठेच काही निघालं नव्हतं.

सोमवारी मी कामावर गेले. पडद्याकडे बघत बसले. एकही चूक सापडली नाही. टेबलाखालच्या वायरींवर पाय पडला की मी उडत होते. मंगळवारीही तसंच. कोथरूडला फोन करावा असं दर तासाला वाटायचं आणि बोटं पुढे जायची नाहीत. नंबर फिरवला आणि भलतंच ऐकायला मिळालं तर? जोवर मी फोन करत नव्हते तोवर छोटी बरी होती.

मंगळवारी संध्याकाळी गावी फोन केला. घराशेजारच्या किराणा दुकानात फोन होता, तिथे आईला बोलावून घेतलं. तिला सगळं सांगितलं. काठी आपटली नाही हेही सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "त्या लेकराले मंग पाह्यलं का तू दुसऱ्या दिवशी?"

"नाही."

"दोन दिस झाले न?"

"हो."

"जाय," आई म्हणाली. "भेव वाटते म्हून घरी नोको बसू. त्या मायचं भेव तुह्यापेक्षा मोठं हाय."

मी तशीच बसने कोथरूडला गेले. घंटी वाजवली. आतून आपटण्याचा आवाज आला. ठक, ठक, ठक. मग थांबला. मग पुन्हा.

छोटीच्या आईने दार उघडलं. डोळे जागरणाने सुजलेले. मग ती बाजूला झाली. आत छोटी लाकडी पट्टी घेऊन चपलांच्या रॅकपुढे उकिडवी बसली होती. तिने पट्टी तीनदा आपटली, मान तिरकी करून वाट पाहिली, आणि मग हात घालून आपली एक सँडल बाहेर ओढली.

"कालपासून प्रत्येक वस्तूला हेच चाललंय," तिची आई म्हणाली. "तुमच्या घरमालकांचं बघून." तिने हसायचा प्रयत्न केला, पण हसू आलं नाही. "तुम्ही आलात ते बरं झालं. आम्हाला एकटंच वाटत होतं." मग ती स्वयंपाकघराकडे वळली आणि चहाच्या भांड्याला हात लावण्याआधी तिने ते ओट्यावर हलकेच आपटलं.

त्या घरात पुढे कधी काही निघालं नाही. पण पहिला आठवडाभर मी रोज संध्याकाळी तिथे जात राहिले. आम्ही दोघी छोटीच्या मागे मागे फिरत असू, एक एक कोपरा आपटत.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी गच्चीवर जाणार नव्हते. शनिवारी मालकांच्या फोनवर बाईंचा निरोप आला. मालकांनी तो ओटीवरूनच ओरडून सांगितला: "तुमच्या बाई म्हन्त्यात, पाला आना. पोतं मालकाच्या म्होरं भरा. आन् सदाफुली आनू नका."

मालक मला काठी देऊन शेजारी उभे राहिले आणि मी पोतं भरलं. प्रत्येक घमेल्याआधी मी काठी आपटली. आपटून थांबले. थांबल्यावरही हात पुढे जायला फार वेळ लागत होता. अजूनही लागतो.